सावित्रम्माचे दोन जोड

विजापूर वेशीपाशी रुद्रप्पाचं गॅरेज होतं खरं, पण तिथल्या गाड्या थांबायच्या त्या त्याच्या बायकोच्या जिवावर. ब्रेकच्या लोखंडी शूवर नवं लायनर, म्हणजे चाकाला आतून घासणारी पट्टी, ठेवून रिवेट ठोकायचं काम सावित्रम्मा मागच्या पडवीत बसून करी. लायनर मऊ की कडक, हे ती नखानं खरवडून सांगे, आणि त्यावर वाद घालायची रुद्रप्पाचीही टाप नव्हती.

चौऱ्याहत्तर साली तेलगिरणीवाल्या ईश्वरप्पाला मोटारशर्यतीचं खूळ लागलं. गाडी एकच, जुनी फियाट. रविवारी ती परगावच्या धावपट्टीवर पळवायची आणि सोमवारी तिच्यातूनच आईला, कमलम्माला, अक्कलकोटला न्यायचं.

"दोन्हीला चालंल असं एकच कायतरी बसवा की, अक्का!"

"तसलं न्हाय मिळत," सावित्रम्मा म्हणाली. मऊ लायनर गावात गुणी, पण फार तापलं की पकड सोडतं. कडक असतं ते तापल्यावर धरतं आणि थंड असताना घसरतं. म्हणून तिनं शूचे दोन जोड केले. शर्यतीला कडक, परत आल्यावर मऊ. दोन दिवस ठोकून ठोकून तिची बोटं सुजली.

ईश्वरप्पा तिसरा आला. मग काय, स्वारीचे पाय जमिनीला लागेनात! सोमवारी सकाळी आईला गाडीत बसवूनच तो गॅरेजवर आला आणि तासभर शर्यत सांगत बसला. उठताना म्हणाला, "मऊ जोड ऱ्हाऊ द्या, अक्का. हे कडकच फस्टक्लास हाय."

सावित्रम्मानं गाडीकडं पाहिलं. कमलम्मा मांडीवर नारळाची पिशवी घेऊन निवांत बसली होती. तासभर उभ्या गाडीचे ब्रेक थंड पडले होते.

"कमलम्मा, तुमी जरा उतरा. मी बसते."

आयुष्यात ती पहिल्यांदाच मोटारीत बसत होती. "चल हळू. त्या गुरांच्या हौदापाशी थांबव."

ईश्वरप्पानं हसत गाडी सोडली, हौद जवळ येताच ब्रेक दाबला. मग अंगाचा भार टाकून दाबला. गाडी घसरत गेली आणि हौदाला धडकूनच थांबली. पुढचा बंपर वाकला, हौदातलं पाणी टपावर उडालं. मागं दारात कमलम्मा किंचाळली.

सावित्रम्माचा आवाज चढला नाही. "तिसरा आलास, मला लई बरं वाटलं. पर तितं रस्त्यात माणसं न्हवती की रे."

 इस्त्रीचा सदरा काढून ईश्वरप्पा मऊ जोड बसवायला जॅक आणायला गेला, तेव्हा कुठं सावित्रम्माला रडू फुटलं.