पायाळूचा शेजारी

कोणी हाक मारली की सर मान वळवत नसत, अख्खं अंग वळवत. पाठीचे मणके आखडत चाललेले, त्यामुळे नुसती मान वळणं शक्यच नव्हतं. असे पुरते समोर येऊन उभे राहायचे, आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग विचारायचे, "अन् ते नसतं केलं तर?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही. आदिलाबादला आमच्या गल्लीत सर होते. मला त्यांचा हेवा वाटायचा. अजून वाटतो, लपवून काय करू?

ते राहायला येण्याआधी गल्लीतल्या सगळ्या कंबरा माझ्या होत्या. मी पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसानं कंबरेला पाय लावला की उसण उतरते, ही आमच्याकडची पक्की समजूत. एरवी मी एमआरओ, म्हणजे तहसील ऑफिसातला कारकून, पण रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर जैनथ-तलमडुगुसारख्या गावांहून आलेली माणसं पालथी पडलेली असायची. एकदा खुद्द साहेब पडले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी मला समोर बसायला खुर्ची दिली.

सर डिग्री कॉलेजात शास्त्र शिकवायचे. मूळचे मुधोळचे. स्वतःच्या पाठीपायी त्यांनी तेल, शेक, होमिओपॅथी, आसनं, सगळं करून पाहिलेलं, पण एका वेळी एकच. दोन उपाय एकदम केले तर गुण कोणाचा ते कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. हैदराबादहून पाठीच्या संशोधनाचे इंग्रजी लेख झेरॉक्स करून आणायचे आणि सकाळचा व्यायाम झाला की ते वाचत बसायचे. आणि तरीही मुधोळच्या वैद्याकडे चोळून घ्यायला जायचे! मी एकदा पकडलंच.

"मंग हे काऊन, सर?"

"झोप लागते, भाऊ. तेवढ्यासाठी जातो. मणके सरळ होतीन म्हून नाही."

अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

एका रविवारी ते माझ्या ओट्यावर आले. म्हणाले, "पालथ्या माणसाले पाय कोनाचा ते दिसत नाही. कोनाले तुमी लावाचा अन् कोनाले मी, ते चिठ्ठी टाकून ठरवू. मी त डोक्याकडून जन्मलो." येणाऱ्यांना त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं. लोकांनाही गंमत वाटली. त्या उन्हाळ्यात खांबाला धरून, तोल सावरत सर लोकांच्या कंबरेवर पाय ठेवायचे, आणि मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात दातओठ खायचो. शेवटी काय निघालं? माझ्या पायानं जेवढे बरे झाले, जवळजवळ तेवढेच त्यांच्याही.

"साधी उसण बहुतेक आपली आपणच उतरते, भाऊ," ते म्हणाले. हसले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

लोकांनी यातून भलताच अर्थ काढला. सरांच्याही पायाला गुण आहे म्हणून रविवारची गर्दी त्यांच्या ओट्याकडे सरकली! सर पाय लावायचेच नाहीत. कुठं दुखतं, कधीपासून, रात्री जास्त की दिवसा, असं विचारत बसायचे आणि चालत-फिरत राहा म्हणून परत पाठवायचे. तरी लोक जायचे.

त्या लोकांत माझी बायकोही होती. सुमनची कंबर महिनोन्‌महिने धरलेली. मी पाय लावला की "बरं वाटते" म्हणायची आणि संध्याकाळी भाजीची वाटी घेऊन सरांकडे जायची. तिथं तासभर बोलायची. माझ्याशी तिचं बोलणं गॅस आणि दळणापुरतं. इतकं काय सांगते ही त्यांना? मी खिडकीतून पाहत राहायचो, ऐकू काहीच यायचं नाही.

एका संध्याकाळी ती तिकडे गेली आणि थोड्याच वेळात सर तिला धरून आमच्या दारात आले. घाईत मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, जीप पाहा. वहिनीले आत्ताच नागपूरले न्या."

"कंबरच त आहे, सर. उद्या रविवार, पाय लावतो."

"ही पाय लावून जानारी कंबर नाही. बसाच्या जागी बधिर झालं, दोन्ही पायांत जोर नाही, अन् सकाळपासून लघवी झाली नाही त्याईले. मणक्यातल्या नसा दबून राह्यल्या. बाकी साऱ्याले मी थांबून पाहा म्हनतो. याले थांबता येत नाही."

"तुमाले कोनं सांगतलं हे?"

"वहिनीनं. मी इचारलं."

मी सुमनकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. सोळा वर्षांच्या संसारात आमच्यात असलं बोलणं कधी झालं नव्हतं. मी तिला फक्त पालथं पड म्हणायचो.

मी जीप आणली. नागपूरला तातडीनं ऑपरेशन झालं आणि तिचे पाय वाचले. उशीर केला असता तर जन्मभर अंथरुणाला खिळली असती, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर माझा हात हातात घेऊन तिनं पहिलं विचारलं, "सरांना कळवलं का?"

कळवलं. त्या माणसामुळे माझी बायको चालत होती, आणि ती चालताना दिसली की मला त्याच माणसाचा हेवा वाटायचा. दोन्ही खरं.

पुढे सर रिटायर होऊन मुधोळला गेले. ते वारल्याचा फोन एका सकाळी आला. फोन मीच घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन सुमनला सांगितलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायची मनाई केली होती. लग्नकार्यातसुद्धा ती खुर्ची मागून घ्यायची. त्या सकाळी मात्र स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती ती तशीच खाली सरकली आणि फरशीवर बसली.

"खाली नको बसू," मी म्हणालो. "कंबर दुखेल."

"दुखू द्या," ती म्हणाली.