टाळूवर उतलेला बिबा

मी शहाद्याच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा टोपीशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे. त्यामुळे माझी टाळू विरळ झाल्याचं तिघांनाच ठाऊक होतं: मला, बायकोला आणि न्हाव्याला. एकदा न्हावी टाळूवर बोट टेकवून म्हणाला, "मास्तर, आठे काम कमी व्हयनं," आणि मी केसांच्या औषधासाठी थेट बाजारातल्या, जडीबुटी विकणाऱ्या अत्तारचाचांकडे गेलो.

त्यांनी बिब्ब्याचं तेल दिलं आणि बजावलं, "वाटीभर तिळीना तेलमा तीन थेंब. जास्त टाकानं नही." तीन थेंबांनी तीनच केस येतील, असा माझा हिशेब. वर्गाला गणितही मीच शिकवत होतो. तेल तसंच नुसतं चोळलं आणि वर टोपी घट्ट बसवली.

दुसऱ्या दिवशी बिबा उतला. टाळूभर फोड, कपाळ सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. बायको खोबऱ्याचं दूध लावता लावता एवढंच म्हणाली, "टोपीखाल कोन देखत व्हतं?"

टोपी टेकवेना, म्हणून शाळेत उघड्या डोक्याने गेलो. उघडं डोकं म्हणजे घरात सुतक, हे मी विसरलो होतो; गाव विसरलं नव्हतं. वाटेत वाण्याने हात जोडले.

"कोन गयं, मास्तर?"

"कोनीच नही."

माझे सुजलेले डोळे पाहून, याला दुःखाने बोलवत नाही, असं समजून त्याने मान हलवली. वर्गात कधी नव्हे ती शांतता. संध्याकाळी शेजारीण पिठलं-भाकरी ठेवून गेली. तिला खरं सांगायची लाज वाटली. पिठलं झणझणीत होतं, आम्ही सगळं संपवलं.

तिसऱ्या दिवशी तळोद्याकडच्या आमच्या गावाहून वडील बैलगाडीने आले. मास्तराच्या घरी कोणी गेलं, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. दारात सून दिसली, आत मी दिसलो, तसे दोघंही जिवंत पाहून ते ओट्यावर टेकले. सगळं ऐकून घेतलं, मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचं डोकं इतक्या उजेडात मी प्रथमच पाहिलं. वर एकही केस नव्हता.

"मन्हं वीस वरीसपाईन असंच शे," ते म्हणाले. "तुन्ही मायनी कधी इचारं नही."

फोड सुकायला तीन आठवडे लागले. तिथे काळा डाग राहिला आणि होते ते थोडे केसही गेले. पुढे कित्येक उन्हाळे त्या डागाला खाज सुटे. मग फळ्याकडे तोंड करून, टोपीत बोट घालून मी हळूच खाजवत असे, आणि मागे वळलो की कपाळाला लागलेला खडू पाहून वर्ग खुसखुसे.