तिला फर आहे!

ओमान सोडून जाणारा माणूस आधी सोफा विकतो, मग फ्रिज, मग मिक्सर. व्हॉट्सॲपवर फोटो पडतात, खाली म्हणे लिहिलेलं असतं, 'एकदम नवीन कंडिशन.' नवीन कसली! त्याच मिक्सरच्या घरघरीनं आमची झोप मोडायची. किस्से मात्र कुणी विकायला काढत नाही. ते सगळे फुकटात माझ्याकडे राहतात. शाळेची पायरी मी चढले नाही, त्यामुळे डोक्यात जागा भरपूर आहे. एक आला की दुसरा त्याच्यावर बसतो, दुसऱ्यावर तिसरा. अधूनमधून उपसावे लागतात, नाहीतर वास येतो.

अल खौदला आमच्या बिल्डिंगमध्ये तीन मराठी घरं. सावंत, कुलकर्णी आणि आम्ही. आम्ही म्हणजे माझा मुलगा प्रशांत, सून स्नेहल, आठ वर्षांची नात आर्या आणि मी. शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही घरं चहाला आमच्याकडे. आधी बोलणी असायची ती सीबच्या बाजारात सुरमई कशी मिळाली, शाळेची फी किती वाढली, ह्याची. मग कुणीतरी स्टॉकहोम हा शब्द घरात आणला आणि तो गजकर्णासारखा पसरला. आधी सावंत गेले. मग कुलकर्णी. मग आमच्या प्रशांतलाही तिकडच्या कंपनीनं बोलावलं.

आम्ही अजून इथंच आहोत. का नाही गेलात म्हणून लोक विचारतात आणि प्रशांत प्रत्येकाला वेगळं कारण सांगतो. खरं कारण मला ठाऊक आहे. मी तिथंच बसून मेथी निवडत होते.

* * *

सावंतवहिनी इथं असताना भाजीवाल्याशी फुकट कोथिंबिरीवरून भांडायची. घेणार दोन टोमॅटो आणि वर म्हणणार, "भाई, धनिया तो डालो!" तो बिचारा यल्ला यल्ला करत मूठभर टाकून तिला वाटेला लावायचा.

तिकडे गेल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला. "काकू, बघा बघा, इथे कोथिंबीर कुंडीसकट मिळते!" खिडकीत कुंडी, कुंडीत चार काड्या. मागे टेबलावर पोह्यांच्या बशा मांडलेल्या, पांढऱ्या फटक.

मी म्हटलं, "अगं, मग पोह्यांवर कुठे आहे?"

"काकू," ती म्हणाली, "आज कुणाचा वाढदिवस नाहीये!"

* * *

सावंतवहिनीचा नवरा त्याच कॉलवर घरात लोकरीची टोपी घालून बसलेला. मागे हीटर चालू, अंगात बनियन आणि डोक्यावर टोपी!

"फार थंडी आहे का रे?" मी विचारलं.

"नाही काकू."

"मग टोपी कशाला?"

त्यानं टोपी आणखी खाली ओढली. वहिनीच मागून ओरडली, "इथं कटिंग किती महाग आहे माहितीये का काकू? मी यूट्यूबवर बघून कापले!"

इथं आमच्या बिल्डिंगखालच्या सलूनमध्ये हाच माणूस केस कापून झाले की वर चंपी करून घ्यायचा आणि झोपून जायचा. त्याला उठवायला वहिनी आर्याला पाठवायची.

* * *

कुलकर्ण्यांची कथा घराची. तिथे म्हणे भाड्याच्या घरासाठी रांग असते. रांग म्हणजे उभं राहायचं नाही, नाव लावायचं आणि वाट बघायची. किती? तर वर्षानुवर्षं.

कुलकर्णी मोठ्या कौतुकानं सांगत होता, "काकू, सगळं फेअर असतं तिथं. वशिला नाही, काही नाही. आपला नंबर आला की घर."

"आणि तोवर राहायचं कुठे?"

"तोवर बाहेरगावी गेलेल्या कुणाच्या तरी घरात. तो परत आला की दुसऱ्याच्या."

पोराबाळांना घेऊन वर्षात चार घरं बदलली त्यांनी. एका घरात तर घरमालकाचे कपडे कपाटात तसेच, ह्यांचे पिशव्यांमध्ये. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याला आमच्या गावात कुणी ओसरीवर टेकू देत नसे. इंग्रजीत त्यालाच रिलोकेशन म्हणतात!

* * *

आणखी एक. तिथे घरात वॉशिंग मशीन नाही. बिल्डिंगच्या तळघरात एकच धुण्याची खोली, सगळ्यांची पाळी लावलेली. सावंतवहिनी एकदा एका शेजारणीच्या पाळीत धुणं टाकून वर आली. खाली जाऊन बघते तर कपडे ओलेच बाहेर काढून घडी करून ठेवलेले आणि वर चिठ्ठी. चिठ्ठीत म्हणे फार गोड शब्दांत लिहिलं होतं की असं पुन्हा करू नका.

वहिनी रडत होती फोनवर. "काकू, भांडली असती तरी चाललं असतं हो! घडी कशाला करायची?"

मी म्हटलं, "रडू नको. आमच्या ओढ्यावरपण पाळी असायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? आमची शेवटची असायची."

तिला वाटलं मी गंमत करते आहे. हसली. बरं झालं, रडायची तरी थांबली.

* * *

आता मांजरीचं सांगते.

कुलकर्ण्यांकडे एक मांजर होती, गुबगुबीत, राखाडी रंगाची. आणि कुलकर्ण्याची आई होती. ती माझी मैत्रीण. पहिल्यांदा भेटली तेव्हा मला आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मी म्हटलं, "अहो, इतक्या लांबून कशाला येता, सरळच विचारा की! बौद्ध आहोत आम्ही." ती इतकी ओशाळली की हातातला चहा बशीत सांडला. पण माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी स्वतःहून आली आणि माझ्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसली. त्यानंतर आमचा दुपारचा चहा कधी चुकला नाही.

स्टॉकहोमचं ठरलं तेव्हा मांजरीची धावपळ सुरू झाली. तिला सुई, तिच्या मानेत चिप, तिचे कागद, तिचा विमानातला पिंजरा. आईची धावपळ काहीच नाही. तिचं पुण्याचं तिकीट काढून झालं होतं.

मी कुलकर्ण्याच्या बायकोला विचारलं, "आणि सासूबाई गं?"

"अहो काकू, आईंना तिथली थंडी झेपणार आहे का?"

"आणि मांजरीला?"

"तिला फर आहे!"

निघताना माझी मैत्रीण गाडीत मागे बसली होती, मांडीवर पर्स. काच खाली करून मला म्हणाली, "बघा ना, मला अंगावर केस कमी पडले!" आणि हसली. गाडी वळेपर्यंत हसत होती.

* * *

तेव्हापासून मी आमच्या घरात कान टवकारून होते. चिपळूणजवळ गावात आमचं घर आहे, पक्कं, स्लॅबचं, प्रशांतनंच बांधलेलं. कुलूप लावलेलं. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "आई, गावचं घर जरा रंगवून घ्यावं म्हणतो."

"का? कोण राहायला जातंय?"

त्यानं ताटाकडे बघितलं. स्नेहलनं त्याच्याकडे बघितलं. आर्या म्हणाली, "व्हॉट्स हॅपनिंग?"

इंजिनिअर झाला, पण खोटं बोलायला शिकला नाही माझा मुलगा. मला कळलं, कुणाचं तिकीट आधी निघणार ते.

स्नेहल वाईट नाही हो. तिला वाटतं, आर्याला चांगली शाळा मिळेल, तीही फुकट. संध्याकाळी नवरा वेळेवर घरी येईल. तिची हौस मला कळते. मी फक्त विचारलं, "सगळं इतकं चांगलं आहे तर तिकडचे लोक आपल्याला का बोलावतात?"

मग खर्चाची चर्चा सुरू झाली. प्रशांत म्हणाला, "तसा पगार चांगला आहे आई, पण टॅक्स फार. सगळं धरून बघ, निम्मा तिथंच राहतो."

"मग तूही निम्माच जा," मी म्हटलं, "निम्मा इथं राहू दे."

स्नेहलला हसू आलं, पण तिनं ते वाटीत लपवलं.

* * *

तर तो दिवस. शुक्रवार होता. कंपनीनं कुटुंबाची सोय बघायला एक बाई नेमलेली. तिचं नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी तिला शीलाबाई म्हणते. ती लॅपटॉपमध्ये आली. प्रशांत आणि स्नेहल इस्त्रीचे कपडे घालून सोफ्यावर. मी खाली चटईवर मेथी घेऊन. आर्या माझ्या पाठीला टेकून चित्र काढत होती.

मला इंग्रजी येत नाही, पण फॅमिली हा शब्द येतो.

शीलाबाईनं विचारलं, फॅमिलीत किती? प्रशांत म्हणाला, फोर. तिनं कोण कोण विचारलं. त्यानं सांगितलं. ती हसली आणि काहीतरी बोलली. प्रशांतची मान खाली गेली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

स्नेहल म्हणाली, "काही नाही आई."

आर्या म्हणाली, "आजी, ती म्हणते तू फॅमिली नाहीस. तू व्हिजिटर. थोडे दिवस येऊ शकतेस, मग गो बॅक."

आणि तेही हसत हसत! तिकडे सगळं हसतच सांगतात बहुतेक. मी मेथीची दुसरी जुडी सोडली.

मग शीलाबाईनं पुढचं विचारलं, "पेट्स?" आणि म्हणाली, प्राणी असेल तर आणा, कंपनी सगळं करते.

आमच्याकडे कसला प्राणी? प्रशांत नो म्हणायला तोंड उघडतो तोच आर्या माझ्या पाठीमागून उठली आणि थेट लॅपटॉपसमोर जाऊन उभी राहिली.

"यस! वी हॅव वन!"

"ओह, लव्हली! नाव काय?"

"आजी."

शीलाबाईनं लिहून घेतलं. "वय?"

"सेव्हन्टी टू."

शीलाबाईचे डोळे मोठे झाले. "टॉर्टोइज?"

"आर्या!" स्नेहल ओरडली. पण पोरीनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नो म्हणाली. मग शीलाबाईनं आणखी काहीतरी विचारलं, ब्रीड की काय. तो शब्द आर्याला मराठीत चटकन सापडेना. तिनं थोडा विचार केला आणि माझ्याकडे वळून स्पष्ट म्हणाली,

"आजी, ती विचारते, तुझी जात काय?"

प्रशांत माझ्याकडे बघत होता, लहानपणी शाळेतून तोंड पाडून आला की बघायचा तसा.

मी मेथी खाली ठेवली. हात पदराला पुसले.

"तिला सांग," मी म्हटलं, "जात माझ्या वडिलांनी टाकून दिली. आता मी नुसती माणूस आहे."

आर्यानं माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. सगळं तिला कळलं नसणार. पण शेवटचं कळलं. ती लॅपटॉपकडे वळली.

"शी सेज, ह्यूमन."

शीलाबाई पहिल्यांदाच हसायची थांबली.

प्रशांतनं हात पुढे केला आणि लॅपटॉप मिटला. "खलास," म्हणाला. कुणाला म्हणाला कुणास ठाऊक. मग इस्त्रीच्या पँटसकट खाली चटईवर माझ्याशेजारी बसला आणि मेथीची एक जुडी पुढे ओढली.

अर्धीअधिक देठं निवडलेल्या पानांत टाकली. इंजिनिअर!