पेनल्टी संपेपर्यंत गाडीत

आजही पावसात गाडीच्या काचा आतून धुरकटल्या की मी इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या त्या मैदानाबाहेर जाऊन पोचते.

मुलींचा देशपातळीवरचा नॉकआउट फुटबॉल कप तेव्हा नवाच होता. एक मॅच हरलं की संपलं. आमची चौदा वर्षांची सई गोलकीपर होती. मॅच बरोबरीत सुटली आणि पेनल्टी किक्स सुरू झाल्या. मी थर्मास आणायला गाडीकडे गेले, तेवढ्यात तिने पहिलीच किक अडवली.

"आता येऊ नकोस, तिथेच बस!" नवरा लांबून ओरडला. क्रिकेट बघतानाही आपली विकेट पडू नये म्हणून तो मला असंच स्वयंपाकघरात बसवायचा.

मी बसले. ओल्या रेनकोटचा कुबट वास येत होता. बाहेर आरडाओरडा व्हायचा, पण कोणाचा ते कळायचं नाही. काच पुसायचीसुद्धा भीती वाटत होती. देवा, एवढी एक अडवू दे, म्हणत मी किल्ल्या मुठीत आवळून धरल्या. वाटत होतं, इथे बसून मीच तिचा गोल राखतेय.

मग काचेवर चिखलाने भरलेला ग्लोव्ह टेकला. मी दार उघडलं.

"वी लॉस्ट," सई म्हणाली. एरवी सगळं इंग्लिशमध्ये बोलणारी पोर, पुढचं मात्र मराठीत बोलली. "आई, प्रत्येक किकच्या आधी मी तुला शोधत होते."