रिकाम्या चौकटीसाठी जैसलमेर दोनदा

लोक जैसलमेरला किल्ला बघायला जातात. आम्ही गवत मोजायला गेलो, आणि एकदा जाऊन भागलं नाही म्हणून दोनदा गेलो. दुसरी खेप कोणामुळे झाली ते पुढे येईलच. तुम्ही हुशार असाल तर आत्ताच ओळखलं असेल.

माझी बायको वंदना ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. लग्नाच्या धामधुमीत सुटलेली पीएचडी तिने पोरगी नोकरीला लागल्यावर पुन्हा धरली. विषय असा: पावसाळा सरता सरता वाळवंटात आणि डोंगरावर कोणकोणती झाडं, गवतं एकमेकांच्या शेजाराने राहतात, किती दाटीने राहतात. झाडांची मोहल्लेवार जनगणना म्हणा. युनिव्हर्सिटीने दिलेली मुदत यंदा संपत होती आणि पावसाची गवतं ऑक्टोबरात वाळून जातात. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

"मी एकटी जाते रेल्वेनं," ती म्हणाली.

"आन मी इथं काय करू? संत्र्याले अजून टाइम आहे. गाडी आहे, डायवर आहे."

"डायवर कोण?"

"तुह्यासमोर बसून राहिला तो."

मी संत्र्याचा माणूस. मंडीत माल निवडण्यापासून सुरुवात केली, आता नागपूरजवळ वाडी गावात स्वतःचं पॅकिंगचं शेड आहे. मोजणीला एक मीटरची चौकोनी चौकट लागते. ती जमिनीवर ठेवायची आणि आतलं सगळं मोजायचं. वंदना प्लास्टिकच्या पाइपची आणणार होती. मी म्हटलं, घरच्या लग्नात भाड्याचा सूट कशाला? आमच्या सुताराकडून संत्र्याच्या पेट्यांच्या पट्ट्यांची अशी चौकट बनवून घेतली की तिच्यात पलंग विणता आला असता.

नागपुरातल्या बेसाच्या घरून पहाटे निघालो. सावनेरच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजवीकडे खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडत होत्या आणि चौकट मागच्या सीटवर सासूसारखी आडवी पसरली होती. बैतूल, हरदा करत पहिला मुक्काम इंदूर. घाटात ट्रक फार, घाई करू नका. सकाळी इंदूरचे पोहे खाल्ले. वर शेव, बडीशेप, बाजूला जिलेबी. चांगले होते, पण तर्री नाही. मी गाडीवाल्याला विचारलं, "भैया, इसपे डालने का कुछ नहीं है?" तो म्हणाला, "डाल तो दिया." नागपूरकराचं दुःख इंदूरला कळत नाही.

दुसरा मुक्काम उदयपूर आणि तिसऱ्या संध्याकाळी जैसलमेरच्या पलीकडचं एक गाव. जोधपूरनंतर रस्ता इतका सरळ की स्टिअरिंगची आठवण राहत नाही. मात्र गायी रस्त्याच्या मधोमध बसतात आणि उठत नाहीत. टाकी जैसलमेरलाच भरून घ्या. वाळूच्या टेकड्यांजवळच्या तंबूंचे भाव तंबूपेक्षा उंच असतात. गावात घरगुती खोली मिळते, जेवणासकट दोघांचं दोन हजारांत भागतं. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, लसणाची चटणी आणि ताक. ताक मागू नका, ते येतच राहतं.

कामाची पद्धत अशी. वंदना आकड्यांच्या चिठ्ठ्या काढून दिशा आणि पावलं सांगायची. मी तितकी पावलं चालून चौकट ठेवायची, ती मागून येऊन वाकून मोजायची, तोवर मी पुढच्या जागेचा अंदाज घ्यायचा. सेवण गवताचे झुपके, फोगाची झुडपं, वाळूत चेंडूसारखी पडलेली कडू इंद्रावणाची फळं. एका जागी रुई भेटली.

"ही तर आपल्या शेडच्या मागे पण आहे," मी म्हटलं.

"तिथं ट्रकच्या धुरात राहते. इथं काय, मजेत असन," वंदना म्हणाली.

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते भंवरजी शेळ्या घेऊन तिथूनच जात होते. आम्हा दोघांना वाळूत ओणवं झालेलं बघून थांबले.

"साब, क्या खो गया?"

"कुछ नहीं, ढूँढ रहे हैं."

"सोने का था?"

वंदना हसली, आणि त्या हसण्यात वीस वर्षं गळून पडली. मुलींच्या सहलीत आलेल्या पोरीसारखी ती टेकडीवरून घसरत उतरली. दोन दिवस मला वाटत होतं, आपणच हे वाळवंट तिच्यासाठी मागवलंय.

तिथून बाडमेर, जालोर, सिरोही करत माउंट आबू. अख्खा दिवस जातो, पण संध्याकाळी आबूरोडहून घाट चढताना खिडकीतून गार वारा येतो आणि डोळे धुऊन निघतात. शनिवार-रविवार टाळा, गुजरातची गर्दी आणि खोलीचे भाव दोन्ही दुप्पट. वनखात्याची परवानगी वंदनाने आधीच काढली होती. तिथे चौकट कुठेही टेकवा, झाडं तिच्यात मावत नाहीत: करवंदाच्या जाळ्या, दगडांवर नेचे, मध्ये गवत, गवतात फुलं. एकेका चौकटीला तासाच्या वर जायचा आणि मी झाडाखाली बसून शेंगा खायचो.

दुसऱ्या संध्याकाळी मी चहाच्या टपरीवर होतो. वंदना पलीकडे कठड्यावर बसून तिच्या पीएचडीच्या गाइड मॅडमशी फोनवर बोलत होती. माझे कान तिखट आहेत. मंडीत दलाल रुमालाखाली बोटं धरतात तरी मला भाव ऐकू येतो.

"मॅडम, मलाही खरं वाटत नाहीये. आपण समजत होतो तसं वाळवंट विरळ नाहीच. एकही चौकट रिकामी नाही. एकही. प्रबंधाचा मुद्दाच बदलेल, मॅडम."

आधी छाती फुगली. मग मी कप बाकावर ठेवला. कारण त्यातला प्रत्येक 'एकही' माझा होता.

झालं असं की पावलं मोजून जाऊन उभा राहिलो की समोर कोरी वाळू असायची आणि हातभर पलीकडे छान झुपका. तीस वर्षं पेटी भरणाऱ्या माणसाला रिकामी चौकट बघवत नाही. मी ती जरा सरकवायचो. बायको एवढ्या उन्हात येणार, तिला काय वाळू दाखवायची? पाहुण्यासमोर रिकामं ताट वाढतं का कोणी?

आबूरोडची रबडी प्रसिद्ध आहे, ती वर आबूतही मिळते. मी धावत जाऊन दोन कुल्हड घेतले.

"आज काहून येवढा लाड?" तिने विचारलं.

"वंदू, त्या चौकटी मी थोड्या सरकवल्या."

"कोणत्या?"

"वाळवंटातल्या."

"किती?"

"हातभर. कधी दोन हात. जिकडं झाड असन तिकडं."

तिने चमचा खाली ठेवला. घाटात एका बसचा हॉर्न वाजत गेला.

"काहून?"

"रिकामी कशी देऊ वं तुले?"

तिने चमचा पुन्हा उचलला. आपली रबडी संपवली, मग माझी ओढून घेऊन तीही संपवली. मग फोन लावला.

"मॅडम, मघाचा तो शोध नव्हता. तो माझा नवरा होता."

फोनमधलं हसू टपरीवाल्यानेसुद्धा ऐकलं असेल. पण फोन ठेवल्यावर वंदनाचा चेहरा उतरलाच. सुट्टी संपत आली होती, जाण्या-येण्याचे दिवस सोडले तर एकच दिवस उरत होता.

"तिथं काई नाई, हे बी कोणीतरी जाऊन पाहाले लागते हो," ती म्हणाली. "तेच तर माह्यं काम आहे. सामान भरा."

जैसलमेरकडे परत जाताना मी गाडीत गाणीसुद्धा लावली नाहीत. सिरोहीच्या पुढे तिनेच लावली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

भंवरजी दारातच होते. "फिर आ गए? अभी तक मिला नहीं?"

दुसऱ्या दिवशी उजेड फुटल्यापासून लागलो. नवा कायदा असा: मी पावलं मोजायची, डोळे मिटायचे आणि चौकट खांद्यावरून मागे फेकायची. डोळे उघडून मग सरकवायची नाही, पायानेही नाही. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. तिसरीत गवताची एक काडी आली तर आम्ही दोघं टाळ्या देऊन नाचलो. एक चौकट टेकडीवरून घरंगळत गेली आणि मी तिच्यामागे. एकीत शेळी येऊन उभी राहिली.

"हिले मोजाचं का?"

"ती झाड नाही."

"पण झाड खाऊन राहिली."

"मग हाकला तिले, लवकर."

दुपारी वाळू चपलेतून भाजत होती. वंदना टोपीवर ओली ओढणी घेऊन वाकलेली, आणि मी ओरडत होतो, "रिकामी," आणि ती लिहीत होती, "शून्य." माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा आनंदाने निघत होता. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा शेवटची चौकट पडली. तीही कोरी. वंदना वाळूवर पाठ टेकून आडवी झाली आणि पोट धरून हसत सुटली.

भंवरजी शेळ्या घेऊन परतत होते. "आज मिल गया?"

"हाँ," वंदना म्हणाली. "कुछ नहीं मिला."

त्यांनी जरा विचार केला. "बधाई हो," म्हणाले, आणि शेळ्यांमागे निघून गेले.

घरी येऊन आता महिना झाला. प्रबंध युनिव्हर्सिटीत जमा झाला. त्यात वाळवंट वाळवंटासारखंच आहे, नवीन शोध काही नाही. गाइड मॅडम म्हणाल्या, काम स्वच्छ आहे. शेडमध्ये आंबिया बहाराच्या संत्र्यांची तयारी सुरू आहे. जायचं असेल तर सप्टेंबरअखेर जा, पाणी भरपूर घ्या, आणि बायको जिथे म्हणेल तिथेच ठेवा, जे ठेवायचं ते.

चौकट फेकायला वंदनाने दिली नाही. बेसाच्या घरात हॉलच्या भिंतीवर तिने ती खिळ्याला अडकवली, सोफ्याच्या वर, आत पांढरी भिंत. परवा शेजारचे काका चहाला आले, बराच वेळ बघत बसले.

"वहिनी, एवढी मोठी फ्रेम, फोटो नाही लावला?"

"लावला ना, काका," वंदना कप ठेवत म्हणाली. "जैसलमेरचा आहे."