सरकारी लाख, मुक्काम दिंडोशी

मी नोकरीला लागलो तेव्हा माझं काम होतं, कारखाने खरोखर आहेत की नाहीत ते बघून येणं.

सरकारला लागणाऱ्या काही वस्तू फक्त लघुउद्योगांकडूनच घ्यायच्या, असा तेव्हा नियम होता. वस्तूंची एक लांबलचक यादी होती. मोठ्या कंपनीने स्वस्तात दिली तरी ती घ्यायची नाही. इथल्या लहान माणसाचा धंदा चालावा, हा हेतू. पण मोठ्या कंपनीचा माल आणून, खोका बदलून, आपणच बनवला म्हणून सांगणारे व्यापारीही पुष्कळ निघाले. म्हणून माझ्यासारख्या इन्स्पेक्टरने जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी माल तयार होताना बघायचा आणि फॉर्म भरायचा. माझे वडील मालवणकडचे, सगळा जन्म गिरणीत गेलेला. "तू करतंस काय नेमक्या?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. "म्हंजे नुसतो बघतंस," ते म्हणाले आणि रेडिओ लावला.

दिवाळीनंतर एक अर्ज माझ्याकडे आला. वस्तू: सील करायची लाख. पार्सलं, टपालाच्या थैल्या, टेंडरची पाकिटं, सगळ्यांवर ती लाल लाख वितळवून शिक्का मारायचा. पत्ता दिंडोशीचा, टेकडीखालच्या वस्तीतला. विचारत विचारत पोचलो. दहा बाय बाराची खोली, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत चाळिशीची एक बाई पदर खोचून मोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळत होती. शेजारी तिची नणंद लोखंडी साच्यांना तेल लावत होती. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली लाल कांड्यांची चळत.

"कारखाना कुठे आहे?" मी विचारलं.

"तुमी कारखान्यातच उभे हाय, सायेब. जरा सरका, साच्यावर पाय पडंल."

बाई मूळची जालन्याकडची. अंधेरीतल्या एका लाखेच्या कारखान्यात अकरा वर्षं कामाला होती. मालकाने कारखाना बंद केला आणि साचे भंगारात काढले, तेव्हा ते भंगारवाल्याच्या हातगाडीवरून हिने परत उतरवून घेतले. नवरा वॉचमन होता, तो दिवसा आत झोपलेला असायचा, त्यामुळे सगळा कारखाना हळू आवाजात बोलत होता.

मी फॉर्म काढला. यंत्रसामग्री? दोन स्टो, तीन पातेली, सोळा साचे. अश्वशक्ती?

"ते काय असतं?"

"मशीन किती ताकदीचं आहे ते."

तिने नणंदेकडे बोट केलं. "मशीन ते हाय. इचारा तिला."

नणंदेने तेल लावायला पुढचा साचा ओढला. मी 'निरंक' लिहिलं.

मग तिने मला पूर्ण घाणा दाखवला. चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, आणि राळ एकत्र वितळवली. त्यात रंग आणि खडूची पूड घातली आणि रस साच्यांत ओतला. निवल्यावर एक कांडी मेणबत्तीवर धरून कागदावर थेंब पाडला. "दाबून बघा," ती म्हणाली. शिक्क्याने दाबायचं, हे मला माहीत असायला हवं होतं. मी अंगठ्याने दाबलं. 'उत्पादन प्रत्यक्ष पाहिले' हे वाक्य मी त्या दिवशी डाव्या हाताने लिहिलं.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसातून, वरच्या साहेबांकडून, फाईल परत आली. शेरा होता, 'अश्वशक्ती निरंक असल्यास उत्पादन कसे होते?' मी लिहिलं, 'हाताने.' पुन्हा परत आली. 'कोणाच्या?' मी लिहिलं, 'अर्जदार व तिची नणंद यांच्या. एकूण हात चार.' नोंदणी मंजूर झाली.

टेंडरसाठी नमुना द्यायला बाई ऑफिसात आली. माल कसा हवा याचा सरकारी कागद मी तिला वाचून दाखवला. तिने एका ठिकाणी मला थांबवलं.

"राळ लई सांगितलीय यात. चपडा वाढवा. न्हाय तर मे महिन्यात बसंल ही."

"बसेल म्हणजे?"

"मऊ पडंल. एकमेकीला चिकटंल."

"बाई, कागदात आहे तसाच माल द्यावा लागतो. कागद बदलायला कमिटी लागते."

"मंग कमिटीला सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. विसरलो असंही नाही. अकरा वर्षं पातेलं ढवळलेल्या बाईचं म्हणणं कमिटीपुढे कुठल्या भाषेत मांडायचं, ते मला समजलं नाही, आणि चार दिवसांनी ते न मांडण्याची सवय झाली.

ऑर्डर तिलाच मिळाली. तिने वेळेत, मोजून, कागदात होता तसा माल मुलुंडच्या सरकारी गोदामात पोचवला. गोदामाला पत्र्याचं छप्पर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात स्टोअरकीपरचा फोन आला.

"तुमची लाख एक झाली."

जाऊन बघितलं. खोक्यांतल्या कांड्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. प्रत्येक खोक्यात खोक्याच्या मापाची एकच लादी. स्टोअरकीपरने एक लादी टेबलावर ठेवली होती आणि तिच्यावर पेपरवेट ठेवला होता. "वाट लागली," तो म्हणाला. माल नाकारायचा आणि नोंदणी रद्द करायची, तसा रिपोर्ट ऑफिस माझ्याकडून मागणार, हे त्याने शांतपणे सांगितलं.

ऑफिसात न जाता मी सरळ दिंडोशीला गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं. बाईने स्टो बारीक केला.

"सांगितलं व्हतं ना मी?"

"हो."

"कमिटीला सांगितलं तुमी?"

"नाही."

तिने ओरडायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. ती पातेलं ढवळत राहिली. बोलली ती नणंद, तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मंग रिपोर्टात तेच लिवा की."

बाई उठली. "ते लिवा मागून. आदी साचे उचला. निम्मे तुमी घ्या."

आठ साचे माझ्या मांडीवर, आठ नणंदेच्या, मध्ये पातेली, अशी आमची रिक्षा मुलुंडला गेली. चपड्याचं पोतं घेऊन बाई मागच्या रिक्षात. गोदामाच्या आवारात चिंचेखाली तिने स्टो मांडले. स्टोअरकीपर धावत आला.

"पुरवठादाराने इथे बसून माल बनवायचा? परवानगी कुठाय?"

"मनाई कुठे आहे?" मी विचारलं. हे धाडस मला कुठून आलं कोण जाणे. त्याने नियमांचं पुस्तक आणलं. आम्ही दोघांनी तासभर वाचलं. परवानगी सापडली नाही, मनाईही नाही. तोवर तिचे दोन घाणे निघाले होते.

तीन दिवस ते चाललं. लाद्या फोडायच्या, वितळवायच्या, चपडा वाढवायचा, ओतायचं. तिसऱ्या दिवशी तिने नव्या कांड्या पत्र्याखाली, भर उन्हात तापलेल्या कोपऱ्यात ठेवल्या आणि दुपारभर तिथेच बसून राहिली. संध्याकाळी स्टोअरकीपरने एकेक कांडी उचलून बघितली. सगळ्या सुट्या होत्या. "झकास," तो म्हणाला, आणि लगेच, "पण कागदाप्रमाणे नाहीत."

ते खरंच होतं. म्हणून मी रिपोर्टात सगळं लिहिलं. पुरवठादाराने आधीच सूचना दिली होती आणि ती मी पुढे पाठवली नाही, हेही. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला.

"हे वाक्य काढ."

"का, सर?"

"असं वाक्य आपल्या फाईलमध्ये आजवर आलेलं नाही."

मी काढलं नाही. शौर्य म्हणून नव्हे. ते काढलं असतं तर उरलेल्या रिपोर्टावरून चूक बाईचीच दिसली असती. मला लेखी ताकीद मिळाली. माल ठेवून घेतला गेला. कमिटी बसली आणि पुढच्या वर्षीच्या कागदात चपड्याचं प्रमाण वाढलं. ते कोणी सुचवलं, याचा उल्लेख नव्हता. मी बाईला तो कागद वाचून दाखवला. "आता बरोबर हाय," एवढंच ती म्हणाली. माझ्या ताकिदीबद्दल मी तिला बोललो नाही.

दोन वर्षांनी तिने चारकोपला एक गाळा भाड्याने घेतला, वस्तीतल्या तीन बायका कामाला ठेवल्या. वार्षिक तपासणीला मी तिथे गेलो तेव्हा दार अर्धं लोटलेलं होतं. मी आत डोकावलो.

"आता न्हाय," आतून बाईचा आवाज आला. "रस ओतायचाय. भायेर बसा."

बाहेर एक रिकामं खोकं होतं. ते उलटं करून मी अर्धा तास बसलो.