शिळं पाणी

कार्डाचा वरचा कोपरा फाटलेला होता, तरी तो पोस्टातच कुठेतरी फाटला असेल असं मी धरून चाललो. मजकुराआधी शिक्का पाहिला, मग अक्षर. अक्षर अनोळखी, शिक्का धुळ्याचा. तीन ओळींत लिहिलं होतं की नाना गेले, दशक्रिया अमुक दिवशी, आणि खाली त्यांच्या मुलाची सही. वाचून झाल्यावर डोळ्यांत पाणी वगैरे यायला हवं होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की दहा-अकरा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी मी उभा दावा मांडला त्यांच्या घरून मला कार्ड का? असलं कार्ड वाचलं की फाडून टाकायची रीत आहे. मी ते टाकलं नाही, खिशात ठेवलं आणि दशक्रियेला धुळ्याला गेलो.

तिथेही माझं लक्ष विधीत नव्हतं. कोण माझ्याकडे कसं बघतंय तेच मी बघत होतो. निघताना नानांच्या सुनेने एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, भोवती ओलं फडकं. आत पाणी, आणि पाण्यात एक निळा मासा, करंगळीएवढा, लांब शेपटीचा. ती म्हणाली, ‘‘जकातवाल्या भाऊंना द्या, असं दोनदा सांगून गेले.’’ मी डबा घेतला. पण जळगावच्या एसटीत बसल्यावर तो मांडीवर धरून एकच प्रश्न उगाळत राहिलो, की हा शेवटचा चिमटा तर नाही?

माझं हे असंच आहे. तीसेक वर्षं जळगावच्या जकात नाक्यावर काढली. तिथे समोरचा ‘कपडे आहेत’ म्हणाला की गाठोडं सोडून बघायचं असतं. बायको म्हणते, नोकरीने मला असं केलं. मला वाटतं मी असा होतो म्हणून नोकरीत टिकलो. नानांची ओळखही तशीच झाली, स्टँडजवळच्या नाक्यावर, शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास. धोतर-सदऱ्यातला एक माणूस उन्हात हाच, किंवा असाच, डबा छातीशी धरून चालला होता. भोकं पाडलेला डबा कुणी जेवणाचा म्हणून नेत नाही. मी अडवलं, उघडायला लावलं. त्यांनी पान उलगडावं तितक्या हळू झाकण काढलं आणि म्हणाले, ‘‘पहिलवान शे भाऊ. एकटाच ऱ्हास.’’ म्हणजे हा एकटाच राहतो; बाजारात त्याला फायटर म्हणतात. मासा पाण्यावर येऊन एक घोट हवा घेऊन खाली गेला. मासा हवा पितो हे मला माहीत नव्हतं. मी वहीत काहीच लिहिलं नाही, पण माणूस लक्षात ठेवला.

माणूस निघाला आमच्याच भागातला. मागच्या दुसऱ्या गल्लीत राहायचा. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट. पुढल्या खोलीत खिडकीच्या जुन्या तावदानांच्या स्वतः चिकटवलेल्या काचेच्या पेट्या, एकेका पेटीत एकेक मासा, मधे पुठ्ठे लावलेले. दोन नर एकमेकांना दिसले तरी फुगतात, एका पाण्यात सोडले तर एक मरेस्तोवर भांडतात. नाना हसून सांगायचे, याला आरसा दाखवला की हा स्वतःशीच भांडतो, अगदी आपल्या जकातवाल्या भाऊंसारखा. मीही हसायचो. त्या वर्षी मला हसवणारा तो एकच माणूस होता.

कारण आदल्या पावसाळ्यात आमचा बाळू गेला होता. अडीच वर्षांचा होता. जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांत गेला. डॉक्टर म्हणाले, पाणी. बस, तेवढा एक शब्द. तेव्हापासून घरातलं पाणी माझ्या ताब्यात. उकळायचं, गाळायचं, रोज सकाळी कालचं सगळं ओतून द्यायचं, हंडे चिंचेने घासायचे. कुणाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला तर मी तो उजेडात धरून बघायचो. लोकांना वाईट वाटायचं. वाटू दे, म्हणायचो.

कुंदा, आमची थोरली, तेव्हा नऊ वर्षांची. भाऊ गेल्यापासून ती बोलेनाशी झाली होती. नानांनी तिला एक पेटी दिली, दोन बादल्या पाणी मावेल एवढी, आणि तिच्यात शेपटीला बारीक खाच असलेला एक निळा पहिलवान. लोक असा मासा गोळ्यांच्या बरणीत ठेवतात ते नानांना अजिबात आवडत नसे. ‘माणसाला कपाटात ठेवाल का?’ म्हणायचे. त्यांनी कुंदाला सगळं शिकवलं. वर जाळीचं झाकण हवं, कारण हा उडी मारतो. झाकणाखाली बोटभर हवा राहायला हवी. थंडीत पेटीला गोधडी, वैशाखात ओलं पोतं. खायला डासांच्या अळ्या, त्याही मोजक्याच. आणि आत परसातल्या केळीचं वाळलेलं पान, फवारणी न झालेलं. त्या पानाने पाणी चहासारखं होई. नाना म्हणायचे तेच त्याला मानवतं. पाणी बदलायचं ते पाव हिस्साच, आणि तेसुद्धा अंगणात एक दिवस उघडं ठेवलेलं. ‘‘ताजं पानी याले चालत नही भाऊ,’’ त्यांनी मला बजावलं, ‘‘शियं पानी बरं शे.’’ शियं म्हणजे शिळं. ज्या घरातून मी शिळं पाणी हद्दपार केलं होतं, त्याच घरात हा माणूस ते पेटीभर ठेवायला सांगत होता.

मला ते पटेना. कुंदा बोलू लागली होती, माशाशी आणि हळूहळू आमच्याशीही, म्हणून मी गप्प होतो. पण येता-जाता पेटी हुंगायचो. एकदा पाण्यावर पांढरा फेस दिसला आणि मी कुणी साबण टाकला म्हणून घर डोक्यावर घेतलं. नाना आले, त्यांनी फेस बघितला आणि सांगितलं की नर खुशीत असला की तोंडाने बुडबुडे काढून पिल्लांसाठी घर बांधतो, हे चांगलं लक्षण आहे. आता पिल्लं नाहीत, मादी नाही, मग घर कशाला? मला ते उत्तर कच्चं वाटलं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी मनात धरलं ते धरलंच.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात त्या दिवशी माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, आणि घरोघर पितरांच्या नावाने नव्या मातीच्या घागरी भरून पुजतात. बाळूच्या नावाने भरायची ती पहिलीच घागर. आदल्या दिवशी मी झपाटल्यासारखं घर धुतलं. पाण्याचा थेंबही जुना ठेवायचा नाही. कुंदा मैत्रिणींबरोबर गौराईची गाणी म्हणायला गेली होती. मी पेटी रिकामी केली, पान फेकलं, धुण्याच्या सोड्याने काचा लखलखीत घासल्या आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरून मासा आत सोडला. उन्हाळ्यात नगरपालिका पाण्यात क्लोरीनची पावडर जरा सढळ हातानेच टाकायची, नळाला वास यायचा. मला तो वास स्वच्छतेचा वाटायचा. संध्याकाळच्या पाळीला जाताना मी बायकोला म्हणालो, आता कसं पाणी दिसतंय पाण्यासारखं.

आखाजीच्या दिवशी पूजा आटपली आणि दुपारी माझं पेटीकडे लक्ष गेलं. आत पाणी पुन्हा चहाच्या रंगाचं, केळीचं पान, आणि निळा मासा मजेत. शेपटीला खाच नव्हती. मी कुंदाला विचारलं. ती म्हणाली, नानांनी पाणी नीट करून दिलं, आणि खाच भरून आली असेल. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. नाक्यावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे कळत नाही का? चार दिवसांनी नानांच्या घरी गेलो तर त्यांच्या एका पेटीत निळा मासा, शेपटीला खाच असलेला. झालं. चोर मुद्देमालासकट सापडला. आमचा मासा देखणा निघाला, याला पिल्लं काढायला हवा होता, म्हणून पोरीच्या गळ्यात दुसरा बांधला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यांच्या कॉलेजचे दोघेजण चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, ‘‘नाना, मेलेल्या पोराच्या घरातून मासा पळवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?’’

नानांच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांनी विचारलं, ‘‘पोर बोलस ना?’’ मी म्हणालो, त्याचा इथे काय संबंध? ते म्हणाले, ‘‘मंग तुमी म्हनतस तेच समजा, भाऊ.’’

कबुलीच ती, असं मी मानलं. आणखी काय हवं होतं? कुंदाचं त्यांच्याकडे जाणं मी बंद केलं. ती रडली नाही, भांडली नाही, याचाही मला तेव्हा राग आला. तो दुसरा मासा पुढे दोनेक वर्षं जगला. तिने एकटीने सांभाळला, सगळं नानांच्या पद्धतीने, आणि मी पेटीकडे बघणंच सोडलं. रस्त्यात नाना दिसले तर ते मान हलवायचे. मी चप्पल बघायचो.

रिटायर झाल्यावर ते मुलाकडे धुळ्याला निघाले. सामानाची गाडी पुढे गेली होती आणि नाना पिशवीत पाच डबे घेऊन स्टँडवर आले होते. त्या दिवशी नाक्यावर मी होतो. शहराबाहेर जाणाऱ्या सामानाची तपासणी आमचं काम नव्हतं. तरी मी त्यांना बाकावर बसवलं आणि पाचही डबे उघडायला लावले. लोक बघत होते. त्यांनी एकेक झाकण काढलं, मला आत बघू दिलं, परत लावलं. शेवटचं मी लावायला गेलो तर म्हणाले, ‘‘जरा ढिलं ऱ्हाऊ द्या. हवा लागस त्याले.’’ एवढंच. तीच आमची शेवटची भेट... मी हे केलं आणि करताना मला बरं वाटलं होतं.

आता यंदाचं. धुळ्याहून आणलेला मासा मी माळ्यावरची जुनी पेटी काढून तिच्यात ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही. गेल्या वर्षी कुंदाचं लग्न झालं, वरणगावला दिली. लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी, म्हणून सण दोन दिवसांवर असताना ती आली. पेटी बघून दारातच थांबली. दुसऱ्या दिवशी मी घर धुवायला काढलं. बादली घेऊन पेटीकडे गेलो, पाणी फारच काळपट झालं होतं. पेटी कलती केली, तोच तिने माझं मनगट धरलं.

‘‘बाबा, सगळं नका टाकू. मागच्या वेळी त्यानेच मेला होता.’’

‘‘कोण मेला होता?’’

मग तिने सांगितलं, मोरीच्या उंबऱ्यावर बसून, खाली बघत. त्या आखाजीला सकाळी ती उठली तेव्हा निळा मासा तळाशी आडवा पडला होता, लखलखीत पाण्यात. मी बाजारातून घागर आणायला गेलो होतो. ती तशीच अनवाणी नानांकडे पळाली. त्यांनी येऊन मेलेला मासा उचलला, त्याच विणीतला दुसरा आणून सोडला. आपल्याकडून आधीच शिळं केलेलं पाणी बादलीने वाहून आणलं. खाचेचा त्यांच्याकडचा मासा त्याचाच तिसरा भाऊ होता, त्याला कुणीतरी शेपटीत चावलं होतं. आणि जाताना त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं. नानांचे शब्द तिने नानांच्याच बोलीत सांगितले, इतकी वर्षं पाठ केल्यासारखे :

‘‘तुना बापले सांगू नको पोरी. पानीनं एक लेकरू गयं त्यानं. आते त्याना हातना पानीनं हाऊ बी गया, हाई कयनं तर तो पानीच पेवाव नही.’’

माझ्याच हातच्या पाण्याने मासाही गेला हे कळलं तर मी पाणीच पिणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. मी बादली खाली ठेवली. अकरा वर्षं मला वाटत होतं की पोरीला फसवलं जातंय. सांभाळलं जात होतं ते मला. एक नऊ वर्षांची मुलगी आणि एक परका माणूस, दोघे मिळून. संशय खरा होता, मासा बदललाच होता. म्हणूनच तर मी इतकी वर्षं छाती काढून फिरलो. मी तिला विचारलं, नाना सगळ्यांदेखत चोर ठरले तेव्हा तरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘‘मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, मी चोर बरा.’’

मला रडू आलं. बाळूच्या वेळी आलं नव्हतं तेवढं आलं. कुंदाने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग पेटीतलं पाव हिस्सा पाणी काढून अंगणातल्या बादलीतलं कालचं पाणी सावकाश ओतलं. ती बादली तिने आल्याबरोबरच भरून ठेवली होती, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता मला दुसराच संशय येतो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुलगी माहेरी येणार, मी घर धुवायला काढणार आणि पेटी बघून तिला राहवणार नाही, हे सगळं धरूनच नानांनी तो डबा माझ्या नावे ठेवला असावा. जाता जाता तिला वचनातून मोकळं करून गेले. पण हा संशय मी कुणाजवळ पडताळून बघणार?

आखाजीच्या सकाळी पितरांची घागर भरली, बाळूची लहान घागर भरली. नानांची घागर त्यांच्या घरी धुळ्याला पुजली जाणार, ती भरायचा अधिकार माझा नाही. मी दोन्ही घागरींच्या शेजारी एक तांब्या ठेवला, अंगणातल्या बादलीतून भरून. बायकोने बघितलं. म्हणाली, ‘‘हे परवाचं पाणी आहे. पितरांना शिळं चालत नाही.’’

‘‘यांना चालतं,’’ मी म्हणालो.

मग परसातल्या केळीच्या वाळलेल्या पानाचा तुकडा तोडून तिने तांब्यावर ठेवलं, थोडी फट राखून.